कमी दाबाचा हिवाळा

बेकरीतल्या रांगेत उभी असताना गुनवोरला स्वतःचं हसू ऐकू आलं. आधी तिला ते ओळखूच आलं नाही. कुणीतरी बाई फार मोकळेपणी, थोडं नाकातून हसत होती, हसता हसता श्वास आत ओढत होती, आणि गुनवोरच्या मनात आलं, काय बाई हसतेय ही, सकाळी सकाळी. मग ती बाई बोलू लागली आणि कुणी मानेवर ओला हात ठेवावा तसं तिला झालं. काउंटरमागे, पावांच्या फळीवर एक छोटा रेडिओ होता. असा हिवाळा आयुष्यात एकदाच मिळतो, ती बाई सांगत होती. एरवी ही वादळं पूर्वेला निघून जातात, यंदा एकामागून एक सरळ उत्तरेला वळली, आणि प्रत्येकानं गरम पाणी थोडं थोडं आत ढकललं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तर आम्ही सगळे पडद्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवत होतो. आणि परत ते हसू. पुढचा म्हातारा पिशवी घेऊन बाजूला झाला, काउंटरवरच्या मुलीनं काय हवं म्हणून विचारलं, आणि गुनवोरला एकदम भीती वाटली की आपण तोंड उघडलं तर तोच आवाज बाहेर येईल, रेडिओतला आणि हा, दोन्ही एकदम, आणि सगळी रांग वळून बघेल. तिनं बोटानं दाखवलं. मुलीनं वेलदोड्याचे बन उचलले. गुनवोरला राय धान्याचा पाव हवा होता. तिनं मान हलवली, कार्ड टेकवलं आणि बनांची गरम पिशवी छातीशी धरून ती बाहेर पडली.

बाहेर मे महिना होता, म्हणजे रस्त्याच्या कडेला काळे पडलेले बर्फाचे ढीग आणि त्यांच्यातून हिवाळाभर टाकलेल्या खडीचे वाहते ओघळ. पुलाच्या बाजूला समुद्रपक्षी ओरडत होते. ती चालत राहिली, ऑफिसच्या उलट्या दिशेनं. ती मुलाखत घ्यायला आलेली मुलगी तिला आठवत होती, हातात केसाळ माइक, पायांत भावाचे असावेत असे मोठे बूट. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. गुनवोरनं तिला कॉफी दिली होती, आणि मुलीनं पहिलाच प्रश्न असा विचारला की हे नेमकं होतं तरी कसं, हवा वर आणि पाणी खाली, हवेचं पाण्याला कळतं कसं. इतका सरळ प्रश्न तिला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती खुलली. हातवारे करायला लागली. आणि आता चालताना ती पुन्हा पुन्हा त्या खोलीत जाऊन बघत होती, त्या बोलण्यात कुठेतरी, एखाद्या वाक्याच्या मागे, एखाद्या श्वासात इडार होता का. नव्हता. विसरणं वेगळं, विसरलेलं कुठेतरी टोचत असतं. इथे टोचतही नव्हतं. बहिणीचा नवरा, जो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बुडाला, ज्याचं शरीर अजून सापडलेलं नाही, तो त्या तेवढ्या वेळापुरता जगात कधी नव्हताच. ती पूर्ण सुखात होती. हे सुख आता सगळ्या देशानं ऐकलं होतं, आणि सेन्या बेटावरच्या एका स्वयंपाकघरात, खिडकीतल्या कुंड्यांच्या मध्ये, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत रेडिओचं तेच एक केंद्र चालू असायचं. या वेळी तिची बहीण ओशिल्ड तिथेच असणार. हात ओले असणार, त्यामुळे रेडिओ बंदही करता आला नसणार.

ऑफिसात शेवटी जावं लागलंच. ट्रुल्स जिन्यातच भेटला. ट्रुल्स तिच्याबरोबर बारा वर्षं काम करत होता, बडबड्या, मनानं चांगला, कुठल्याही गोष्टीला टोपणनाव देणारा. कमी दाबाच्या क्षेत्रांना 'पाहुणे' म्हणायची पद्धत त्याचीच. दर हिवाळ्यात आइसलँडच्या बाजूनं हे पाहुणे यायचे, हवेचे मोठे मोठे भोवरे, नॉर्वेच्या किनाऱ्याला खांदा मारून पूर्वेला रशियाकडे निघून जायचे. गुनवोरचं सगळं काम म्हणजे त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसणं. कारण ती वाट जरा डावीकडे सरकली, पाहुणा ग्रीनलंड आणि उत्तरेकडच्या स्वालबार बेटांच्या मधल्या सामुद्रधुनीत शिरला, तर त्याच्या उजव्या अंगाला दक्षिणेचा वारा दिवसचे दिवस वाहतो, स्वालबारच्या किनाऱ्याशी पाणी चढून राहतं, आणि त्या चढाच्या रेट्यानं खालून येणारा अटलांटिकच्या गरम पाण्याचा प्रवाह आपली नेहमीची खोल वाट सोडून उथळावर वळतो, खाड्यांच्या तोंडाशी येतो, कधी कधी तिथला पाण्याखालचा उंबरा ओलांडून आतही जातो. मग त्या खाडीत बर्फ धरत नाही. नुसत्या हवेच्या हलकेपणानं हे होतं. काल होता त्यापेक्षा आज दाब थोडा कमी, एवढंच, आणि पाण्याची चव, पाण्याचा ताप, पाण्यातला जीव, सगळं बदलतं. गुनवोरनं हे पंचवीस वर्षांपूर्वी प्रबंधात लिहिलं होतं. असं व्हायला पाहिजे, असं लिहिलं होतं. कुणी फारसं मानलं नव्हतं, आणि समुद्रानंही मानलं नव्हतं, कारण खाडीच्या तळाशी ठेवलेली यंत्रं केबलवरून वर्षानुवर्षं जे आकडे पाठवत होती ते हो पण म्हणत नव्हते आणि नाही पण. मग हा हिवाळा आला.

"काय मस्त बोललीस," ट्रुल्स जिन्यात म्हणाला. "माझ्या सासूचा फोन आला. ती म्हणाली, पहिल्यांदा कळलं तुम्ही लोक दिवसभर काय करता."

गुनवोरनं त्याच्या हातात बनांची पिशवी दिली. त्यानं आत बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि त्याचा स्वतःचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याला कळलं होतं. तोही होता तिथे. तोच आधी टाळ्या वाजवू लागला होता.

पाहुणे जानेवारीपासून येत होते. पहिला सामुद्रधुनीत वळला तेव्हा योगायोग वाटला. दुसराही वळला. तिसऱ्याच्या वेळी गुनवोर जेवायची थांबली आणि पडद्यासमोर बसून राहिली, आणि नकाशावरच्या त्या गोल गोल रेषा किनाऱ्यापाशी अडखळलेल्या बघून ती चक्क त्यांच्याशी बोलली. ये, ती म्हणाली, इकडे ये, ये बाबा. लहान मुलाला चालायला शिकवताना बोलावतात तशी. तिला मूल नव्हतं, आणि तो सूर कुठून आला तिलाच कळलं नाही. आणि तो आला. त्या रेषा घट्ट होत गेल्या, दाब खाली खाली गेला, बंदरावर पाणी धक्क्याच्या दगडांपर्यंत फुगलं, कारण वरचा भार उतरला की समुद्र अंग सैल करतो, आणि तिला वाटलं, आपल्याच छातीवरचं कुणीतरी उठून गेलंय. चौथा किनाऱ्यावर येऊन धडकला तो मंगळवार. बाहेर खिडक्या वाजत होत्या. आधीच्या तिघांनी ढकललेलं पाणी त्या दुपारी खाडीच्या उंबऱ्यावरून आत पडलं. तळाच्या यंत्रावरची रेष इतके दिवस शून्याच्या खाली मेल्यासारखी पडून होती, ती हलली, वर चढली, थांबली, पुन्हा चढली. रेषेनं दोन अंश ओलांडले तेव्हा ट्रुल्सनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि गुनवोर उभी राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती, एखाद्या फुटबॉलच्या सामन्यात असावी तशी. तिचा फोन टेबलावर पालथा होता. तो थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होता, ते तिनं पाहिलंही होतं. नंतर करू, असं वाटलं होतं. इतकंच. नंतर करू.

तिनं काही केलं नव्हतं. हे ती स्वतःला अनेकदा सांगून चुकली होती, आणि ते खरं होतं. वादळाचा इशारा सगळ्यांना होता. मोठ्या कॉड माशांचा मोसम, जाळी पाण्यात, आणि दोन वादळांच्या मधली ती फट सगळ्याच होड्यांनी पकडली होती. चौथा पाहुणा अपेक्षेपेक्षा लवकर आला. बाकीचे परतले, इडार परतला नाही, होडी दोन दिवसांनी उलटी सापडली. गुनवोरच्या बोलावण्यानं कुठलं वादळ येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. अपराधीपणाला जागाच नव्हती. अपराध असता तर बरं, असं तिला कधी कधी वाटायचं. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, त्याची शिक्षा असते. ही लाज तशी नव्हती. ती कपडे काढल्यावर जाणवणाऱ्या वासासारखी होती. आपल्याला ते हवं होतं. ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी आपल्याला वादळ हवं होतं, आणि ते आलं तेव्हा आपण उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर अजूनही, इडार गेल्यावरही, ती रेष आठवली की आत कुठेतरी उजेड पडतो. तो उजेड विझत नव्हता. तिनं प्रयत्न केला होता. मार्चमध्ये चर्चमध्ये प्रार्थना झाली, शवपेटी नसलेली, नुसती मेणबत्ती आणि इडारचा फोटो, फोटोत तो तिच्याचकडे बघून हसल्यासारखा. तो तिला नेहमी पाण्याची डॉक्टरीण म्हणायचा. घरी गेलं की दारातच विचारायचा, "काय म्हणतोय पेशंट? ताप उतरला का?" आणि उत्तराची वाट न बघता बूट काढायला लागायचा. चर्चमध्ये बसल्या बसल्या तिनं खिडकीतून पाहिलं तर बाहेर स्वच्छ ऊन, वारा नाही, आणि धक्क्याच्या खांबांवर पाण्याच्या रेषेखाली ओलं शेवाळ हातभर उघडं पडलेलं. जास्त दाब, तिच्या मनानं टिपलं. इथे जास्त दाब बसलाय, म्हणजे पाचवा पाहुणा अडून उत्तरेला वळणार. बाजूला ओशिल्डचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता, अगदी स्थिर, आणि गुनवोरनं डोळे मिटून घेतले, जणू काही ओशिल्डला ते तिच्या डोळ्यांत वाचता आलं असतं.

दुपारी ती निघाली. फोन करून बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि फोन आलाही नव्हता. दिवसभर तिनं तो समोर, उताणा ठेवला होता. सेन्याच्या अलीकडच्या फिन्स्नेसला जाणारी जलद बोट अर्धी रिकामी होती. काचेला मीठ लागलेलं, बाहेरचे डोंगर पांढऱ्याकडून करड्याकडे निघालेले. लहानपणी त्या दोघी याच पाण्यावरून आईबरोबर शहरात दाताच्या डॉक्टरकडे यायच्या, ओशिल्डला बोट लागायची नाही, गुनवोरला लागायची, आणि ओशिल्ड तिच्या कपाळावर हात दाबून धरायची. मोठी होती ती, दोनच वर्षांनी, पण तो हात आईच्यापेक्षा मोठा वाटायचा. पुढे गुनवोर शिकायला बर्गनला गेली आणि ओशिल्ड मासे साफ करायच्या कारखान्यात, आणि दोघींमध्ये बोलण्यासारखं कमी कमी होत गेलं, भांडण न होता. गुनवोर काय करते, हे ओशिल्डनं कधी विचारलं नव्हतं. गुनवोरनं सांगितलंही नव्हतं. सांगायला लागलं की आपण शिकवतोय असं वाटेल, म्हणून नाही सांगितलं, असं ती समजत आली होती. आता बोटीत बसून तिच्या लक्षात आलं की केसाळ माइकवाल्या अनोळखी मुलीला तिनं पहिल्या पाच मिनिटांत जे दिलं ते बहिणीला पन्नास वर्षांत दिलं नव्हतं. म्हणजे लाजेच्या खाली आणखी एक लाज होती, आणि ती जुनी होती, थंड होऊन जड झालेली.

फिन्स्नेसला बसमध्ये ओडलाइफ भेटला. ओशिल्डच्या शेजारचा, इडारबरोबर एका वर्गात असलेला, आता गुडघ्यांमुळे समुद्र सोडलेला माणूस. तो तिच्या पुढच्या सीटवर बसला. खिंड ओलांडल्यावर, समोर बाहेरचा समुद्र दिसायला लागल्यावर, त्यानं मान न वळवता सांगितलं की रेडिओ ऐकला. समजलं सगळं, तो म्हणाला, वाईट नाही बोललीस. त्या भागात याहून मोठं कौतुक नसतं. तिला वाटलं, एवढ्यावर सुटले. पण बस गावात शिरून थांबली, आणि काठीवर भार देऊन उठताना तो तिच्याकडे वळला.

"टाळ्या तुम्ही वाजवल्या," तो म्हणाला, अगदी शांतपणे, हवेबद्दल बोलावं तसा. "आम्ही खाली होतो."

मग त्यानं तिची बॅग फळीवरून काढून तिच्या हातात दिली आणि तिला आधी उतरू दिलं.

ओशिल्डच्या घराला दार वाजवायची पद्धत नव्हती. गुनवोर आत शिरली, बूट काढले. इडारचे बूट जागेवर होते, तेलानं पुसलेले, आणि आपले बूट त्यांच्या शेजारी ठेवावेत की लांब, यात तिचा थोडा वेळ गेला. स्वयंपाकघरात बटाटे उकळत होते. ओशिल्ड कॉडची साल काढत होती, मागे वळली नाही, पावलांवरून ओळखलं असणार. खिडकीतला रेडिओ बंद होता. गुनवोरला हे सगळ्यात आधी दिसलं. ओशिल्ड म्हणाली, केस कापलेस. हो, गुनवोर म्हणाली, ईस्टरच्या आधी. मागून बरे दिसतात, ओशिल्ड म्हणाली. मग बोटीला गर्दी होती का, फिन्स्नेसला नवीन दुकान झालंय ते पाहिलंस का, ओडलाइफच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं. सुरी सालीखालून सरकत होती, एक सलग आवाज. ओशिल्डची पाठ रुंद होती, फेब्रुवारीपासून जराही वाकलेली नव्हती, आणि गुनवोर त्या पाठीकडे बघत बसली होती, पाठीच्या पलीकडचा चेहरा कसा असेल याचे अंदाज करत. तिनं बोटीत सगळं ठरवलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. आता पहिलंच वाक्य तिला इतकं गुळगुळीत वाटलं की ते मध्येच सोडून तिनं फक्त नाव घेतलं.

"ओशिल्ड, मी आज सकाळी—"

"माफी मागू नकोस," ओशिल्ड म्हणाली. "तू माफी मागितलीस की मला काहीतरी द्यावं लागतं. माझ्याकडे आत्ता द्यायला काही नाही."

तिनं सुरी धुतली, हात पुसले आणि येऊन समोर बसली. चेहरा होता तसाच होता, थकलेला, डोळ्यांखाली निळसर. गुनवोरनं जे जे अंदाज केले होते त्यांतलं त्यावर काहीच नव्हतं. ओशिल्डनं टेबलावरचा एक कण बोटानं उचलला. सकाळी ऐकलं, ती म्हणाली, आणि दुपारी परत लावतात ना, तेव्हाही ऐकलं, खाली बसून. सकाळी नुसता आवाज ऐकला होता. तिला वाटलं, गुनवोर अशी हसते? लहानपणी हसायची, धाकट्या आत्याच्या कोंबड्या पळवताना. त्यानंतर तिनं हे हसू ऐकलं नव्हतं. इथे या घरात तर कधीच नाही. गुनवोरचे कान तापले. ओशिल्ड दुखावण्यासाठी बोलत नव्हती, हे दिसत होतं, आणि म्हणूनच प्रत्येक वाक्य आत जात होतं. दुसऱ्यांदा ऐकताना, ओशिल्ड सांगत होती, तिनं बोलणं ऐकलं. हवेचा दाब उतरतो ते. पाणी फुगतं ते. वारा एकीकडे लोटतो आणि खालून दुसरं पाणी वाट काढतं ते. तिला कळलं. अवघड नव्हतं. इतकी वर्षं वाटत होतं की अवघड असेल.

"मंगळवार होता ना तो?" तिनं विचारलं. "टाळ्यांचा."

"हो."

"मी फोन करत होते तेव्हा."

"हो," गुनवोर म्हणाली. "फोन वाजताना मी पाहिला होता." हे विचारलं नव्हतं. ते तोंडून निघून गेलं.

ओशिल्डनं मान हलवली. बटाट्यांचं पाणी भांड्याच्या कडेवरून चुलीवर सांडलं, चरचरलं, आणि दोघींपैकी कुणी उठलं नाही. गुनवोरला वाटलं, आता ती ओरडेल, आता मला घराबाहेर काढेल, आणि मी जाईन, बूट न घालता जाईन, आणि ते किती सोपं होईल. पण ओशिल्ड खिडकीबाहेर बघत होती. तिथे मासे सुकवायच्या मांडण्या होत्या, त्यांच्यावरची डोकं नसलेली, शेपट्यांनी बांधलेली कॉडची जोडपी वाऱ्यानं लाकडासारखी वाजत होती, या वर्षी शेजाऱ्यांनी टांगून दिलेली, आणि त्यांच्या मागे समुद्र, सपाट, मेमधला, कुणाचं काही न लागणारा.

"ते गरम पाणी," ओशिल्ड म्हणाली. "सारखं तेच म्हणत होतीस. गरम पाणी, गरम पाणी. ते वर स्वालबारला जातं ते इथूनच जातं ना? आपल्या दारावरून?"

"इथूनच."

"म्हणजे त्या दिवशी इथं होतं ते."

गुनवोरला कळलं ती काय मागतेय. मासेमाराची बायको होती ओशिल्ड, मासेमाराची मुलगी. फेब्रुवारीतलं पाणी म्हणजे काय हे तिच्या बोटांच्या सांध्यांना माहीत होतं, त्या पाण्यात माणूस किती वेळ टिकतो हे या किनाऱ्यावर पोरांनाही माहीत असतं. तिला फसवून घ्यायचं नव्हतं. तिला ते कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ज्याला म्हणायचा अधिकार आहे अशा एकाच माणसाला ती ओळखत होती. बारा आठवडे ती त्या एका गोष्टीपाशी पडून राहत असणार, थंडीपाशी, आणि आज रेडिओवरून तिच्या बहिणीनं हसत हसत तो शब्द उच्चारला होता. एक हो म्हणायचं होतं. गुनवोरनं अनोळखी मुलीला केवढं दिलं होतं, हातवाऱ्यांसकट, इथे फक्त एक हो. तिनं तोंड उघडलं. तिला ते म्हणायचंच होतं, ते जिभेवर होतं.

"वर नाही," ती म्हणाली. "वर किनाऱ्याचं पाणी असतं. ते थंड असतं आणि खारटपणा कमी, म्हणून हलकं. ते वर तरंगतं. अटलांटिकचं पाणी गरम असूनही खारट, म्हणून जड. ते त्याच्या खाली असतं."

आणि बोलता बोलता तिचा एक हात वर गेला होता, सपाट, आणि दुसरा त्याच्या खाली, दोन थर दाखवत. ते हात तिला दिसले. टेबलावर, मिठाच्या वाटीच्या वर, दोन हात, शिकवणारे, नेमके. एक खोटा शब्द, आयुष्यात एकदा, सख्ख्या बहिणीसाठी, तेवढाही आपल्याकडून होत नाही. दुरुस्ती करतो आपण. बुडालेल्या माणसाच्या बायकोची दुरुस्ती. तिला हात खाली घ्यायचे होते आणि ते कसे घ्यायचे ते कळत नव्हतं, घेतले तर आवाज होईल असं वाटत होतं.

ओशिल्ड त्या हातांकडे बघत होती. वरच्याकडे, मग खालच्याकडे.

"खाली," ती म्हणाली.

"हो."

"किती खाली?"

"शंभर मीटर. त्या दिवसांत थोडं वर आलेलं असणार, वाऱ्यानं." गुनवोरचे हात अजून तसेच होते. "तिथून तळापर्यंत तेच."

"आणि किती गरम?"

"सात अंश. वरच्याच्या जवळपास दुप्पट."

ओशिल्डनं हात पुढे केला आणि एका बोटानं गुनवोरचा खालचा तळहात थोडासा दाबला, पाण्यात बोट घालून बघावं तसा. बटाटे आता करपायला लागले होते, वास येत होता.

"मग तो खालीच आहे की," ती म्हणाली, आणि भांडं उतरवायला उठली.